नाका, नियम आणि नोंदवही

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर वननाका कुणाला अनोळखी नाही. रस्त्यावर आडवा दांडा, बाजूला छोटी खोली, खोलीत टेबल आणि टेबलावर जाडजूड रजिस्टर. सागाचे लठ्ठे किंवा बांबू भरलेला ट्रक आला, की दांडा खाली येतो. नाक्यावरचा कर्मचारी कागद मागतो, कागद आणि माल ताडून पाहतो, रजिस्टरचे रकाने भरतो आणि दांडा वर करतो. कागद जुळला नाही, तर माल तिथेच अडतो.

संगणकांच्या जाळ्यातही असाच नाका असतो. त्याला फायरवॉल म्हणतात. शाळेतला संगणक इंटरनेटला जोडला, की मधल्या राउटरमध्ये हा नाका बहुधा असतोच. डोळ्यांना न दिसणारा हा नाका सेकंदाला हजारो वेळा तेच काम करतो : आलेला माल नियमाशी ताडून पाहणे, सोडायचा की अडवायचा ते ठरवणे आणि त्याची नोंद ठेवणे. या लेखात आम्ही या दोन नाक्यांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहोत. जंगलाचा नाका वयाने शतकभर मोठा आहे. त्यामुळे नियम कसा लिहावा आणि कसा लिहू नये, याचे धडेही त्याच्याकडे अधिक आहेत. त्यांतला एक मोठा धडा गडचिरोली जिल्ह्यातल्याच एका गावाने घालून दिला.

नावातली आग

आधी नावाबद्दल. इमारतीच्या एका भागातली आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून मध्ये जी जाड, न जळणारी भिंत बांधतात, ती मूळची ‘फायरवॉल’. आपल्या जंगलांत तिचे काम जाळरेषा करते. उन्हाळ्यापूर्वी ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून, त्यावरचा पालापाचोळा जाळून टाकतात. पुढे वणवा लागलाच, तर या पट्ट्यावर त्याला खायला काही उरत नाही आणि तो तिथे थांबतो.

पण जाळरेषा निवड करीत नाही. ती जमिनीवरून सरपटत येणारी प्रत्येक आग सारखीच अडवते. संगणकाच्या फायरवॉलला मात्र निवड करावी लागते. शाळेचे टपाल आत आले पाहिजे, विद्यार्थ्याला ग्रंथालयाचे संकेतस्थळ दिसले पाहिजे, पण अनोळखी माणसाला परीक्षेच्या गुणांपर्यंत पोहोचता येता कामा नये. म्हणजे नावाने ती भिंत असली, तरी कामाने ती नाकाच आहे. आणि निवड करायची म्हटले, की नियम आले.

१९२७ चा नियम काय म्हणतो?

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. चांदा भागातली सागाची जंगले अशा रीतीने त्यांच्या हाती आली. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. रेल्वेसाठी आणि बांधकामासाठी इमारती लाकडाची मागणी वाढत होती. १८६५, १८७८ आणि १९२७ असे एकामागून एक वन कायदे झाले. यांतला १९२७ चा भारतीय वन अधिनियम पुढे दुरुस्त्या होत टिकून राहिला. त्याचे कलम ४१ मालाच्या वाहतुकीबद्दल आहे. माल कोणत्या वाटेने न्यायचा हे ठरवणे, पासाशिवाय वाहतुकीला बंदी करणे, वाटेत माल थांबवून तपासणे, लाकडावर खुणा उमटवणे, आगारे उभारणे, असे नियम करण्याचा अधिकार हे कलम सरकारला देते. आपल्याकडे ज्याला सगळे ‘टीपी’ म्हणतात, त्या वाहतूक परवान्याचे मूळ इथे आहे.

नाक्यावर पहिला प्रश्न येतो : हा माल ‘वनोपज’ आहे का? कायद्याच्या कलम २ मध्ये याचे उत्तर दोन याद्यांत दिले आहे. मूळ मजकुरातील पहिल्या यादीत इमारती लाकूड, कोळसा, कात, राळ, साल, लाख, मोहाची फुले, मोहाच्या बिया, हिरडा अशा वस्तू आहेत. या वस्तू जंगलात सापडलेल्या असोत वा नसोत, त्या वनोपजच. दुसऱ्या यादीत झाडे, पाने, फुले, फळे, गवत, वेली, मध, मेण, दगड-माती आहेत. या वस्तू जंगलात सापडल्या किंवा जंगलातून आणल्या, तरच वनोपज.

हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. पहिल्या यादीसाठी नाक्यावर फक्त ‘वस्तू कोणती’ एवढेच पाहायचे. दुसऱ्या यादीसाठी ‘वस्तू कोणती’ आणि ‘ती आली कुठून’ असे दोन रकाने पाहायचे. दोन्ही रकाने जुळले, तरच नियम लागू. म्हणून आपल्या परसातल्या पोळ्याचा मध वनोपज ठरत नाही, पण आपल्याच बांधावरच्या मोहाची फुले या मजकुराप्रमाणे ठरतात.

याच कायद्याचे कलम ६९ म्हणते की, वनोपज सरकारी मालकीचे आहे का, असा प्रश्न कारवाईत उपस्थित झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच आहे असे धरून चालावे. म्हणजे शंका असेल तिथे निकाल आधीच ठरलेला, आणि तो बदलण्याचा भार माल नेणाऱ्यावर.

पॅकेटची टीपी

आता संगणकाकडे वळू. इंटरनेटवरून जाणारी कोणतीही माहिती अखंड जात नाही. तिचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला एक शीर्षभाग असतो. तो त्याचा परवानाच समजा. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, वाहतुकीची पद्धत आणि दोन्ही टोकांच्या ‘पोर्ट’चे क्रमांक असतात. पोर्ट म्हणजे संगणकाच्या दारांना दिलेले क्रमांक. टपालाच्या देवाणघेवाणीसाठी २५, संकेतस्थळांसाठी ८० आणि सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३ हे ठरलेले आहेत.

सुरुवातीच्या इंटरनेटवर नाके जवळजवळ नव्हते. विद्यापीठे आणि प्रयोगशाळा एकमेकांवर विश्वास ठेवून होत्या. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेला, स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्रॅम काही तासांत हजारो संगणकांत शिरला. त्या वेळी जाळ्यात सुमारे ६०,००० संगणक होते आणि त्यांपैकी सुमारे ६,००० बाधित झाले, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. आता दारावर कुणीतरी बसवले पाहिजे, हे सर्वांना पटले. त्याच सुमारास डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये जेफ्री मोगल पॅकेटचा शीर्षभाग नियमांशी ताडून पाहण्याच्या पद्धतीवर काम करीत होते. बेल प्रयोगशाळेत विल्यम चेस्विक आणि स्टीव्हन बेलोविन यांनी असे नाके उभारले आणि १९९४ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले.

शाळेच्या जाळ्यासाठी एक साधी नियमावली अशी असू शकेल :

१. शाळेतून बाहेरच्या ४४३ क्रमांकाच्या दाराकडे जाणारे पॅकेट : जाऊ द्या.
२. बाहेरून शाळेच्या टपाल-संगणकाच्या २५ क्रमांकाच्या दाराकडे येणारे पॅकेट : येऊ द्या.
३. ‘क्ष’ या पत्त्यावरून येणारे कोणतेही पॅकेट : अडवा.
४. उरलेले कोणतेही पॅकेट : नोंद करा.
५. उरलेले कोणतेही पॅकेट : अडवा.

पॅकेट आले, की फायरवॉल वरून खाली एकेक नियम वाचते. नियमात लिहिलेले सगळे रकाने जुळले, तरच तो नियम जुळला. नियमात जो रकाना लिहिलेलाच नाही, तो काहीही असला तरी चालतो. ‘जंगलातून असो वा नसो’ या शब्दांचा अर्थही हाच. बहुतेक फायरवॉलमध्ये निकाल देणारा पहिला नियम जुळला, की वाचन तिथेच थांबते.

आता यादीतली चूक शोधा. ‘क्ष’ या पत्त्यावरून कुणीतरी त्रास देतो म्हणून तिसरा नियम लिहिला. पण ‘क्ष’कडून टपालाचे पॅकेट आले, तर ते दुसऱ्याच नियमाशी जुळते आणि आत जाते. तिसऱ्या नियमापर्यंत वाचन पोहोचतच नाही. नियम बरोबर आहे, जागा चुकली आहे. तो पहिल्या क्रमांकावर हवा होता.

पाचवा नियम कलम ६९ ची आठवण करून देतो. ज्याबद्दल काहीच लिहिलेले नाही, ते अडवायचे. संगणकाच्या नाक्यावर हा नियम शहाणपणाचा आहे, कारण अडलेले पॅकेट पुन्हा पाठवता येते आणि त्यामुळे कुणाची चूल विझत नाही. जंगलाच्या नाक्यावर मात्र अडलेल्या मालामागे माणूस उभा असतो.

यादीत आणखी एक उणीव आहे. विद्यार्थ्याने मागवलेले पान उत्तर म्हणून बाहेरून आत येते. ते पहिल्या नियमात बसत नाही, कारण तो बाहेर जाणाऱ्यांसाठी आहे. मग पाचव्या नियमाने उत्तरच अडेल! यावर उपाय म्हणजे नाक्याला स्मरणशक्ती देणे. कोणी कोणाला काय मागितले याचा तक्ता फायरवॉल जवळ ठेवते आणि त्या मागणीचे उत्तर आले, तर आत घेते. काही काळ हालचाल झाली नाही, की तक्त्यातली ती ओळ पुसते. १९९४ मध्ये चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने अशी फायरवॉल बाजारात आणली. लिनक्समध्ये ही सोय जानेवारी २००१ च्या २.४ या आवृत्तीत आली. मुदतीचा आणि शेवटी परत करायचा पास हाही स्मरणशक्तीचाच प्रकार आहे.

बांबू : झाड की गवत?

आता आम्ही ज्या धड्याचा उल्लेख केला, त्याकडे येऊ. बांबू हे वनस्पतिशास्त्रानुसार गवत आहे. गहू, भात आणि ज्वारीच्याच कुळातले. त्याला झाडासारखी वर्षवलये नसतात, आणि एकदा वर आलेला बांबू पुढे जाडीत वाढत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत मानवेल जातीचा बांबू विपुल आहे. बुरडाच्या टोपल्या-सुपांपासून घराच्या कुडापर्यंत सगळे त्यावर चालते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्यालाही हाच बांबू लागे, आणि सरकार तो कारखान्याला कराराने देत असे.

१९२७ च्या कायद्याने मात्र ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड-माडांबरोबर बांबूही घातला होता. आता नियम कसा जुळत जातो ते पाहा. बांबू म्हणजे झाड. तोडलेले झाड म्हणजे इमारती लाकूड, असे पुढची व्याख्या म्हणते. आणि इमारती लाकूड पहिल्या यादीत, म्हणजे जंगलातले असो वा नसो, वनोपज. तीन पायऱ्यांत शेतकऱ्याच्या बांधावरचे गवत टीपी लागणारे लाकूड झाले! काही राज्यांनी सवलती दिल्या, पण त्या राज्याराज्यांत वेगळ्या. नाक्यावरचा कर्मचारी चुकत नव्हता. तो नियम अचूक लावत होता. चूक व्याख्येत होती.

२००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू स्पष्ट शब्दांत घातला आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी समाजांना दिला. आता एकाच बांबूच्या बंडलाला दोन नियम जुळू लागले : जुना म्हणे सरकारी लाकूड, नवा म्हणे गावाचे गौण वनोपज. अशा वेळी क्रम कोणता? कायदे करणाऱ्यांनी याची सोय केली होती. वनहक्क कायद्याचे कलम ४ ‘अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी’ अशा आशयाच्या शब्दांनी सुरू होते. नियमावलीच्या भाषेत याचा अर्थ एवढाच : हा नियम सर्वांत वर ठेवून वाचा.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हे वाचून दाखवले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने अनेक वर्षे अभ्यासगट चालवले होते आणि निर्णय सर्वसहमतीने घेण्याची सवय लावून घेतली होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. आता बांबू विकता येणार, असे कुणालाही वाटेल. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर टीपी हवी, आणि टीपीचे पुस्तक वनखात्याकडे. बांबू झाड आहे, त्यामुळे गौण वनोपज नाही, ही जुनी वाचनपद्धतही सुटत नव्हती. नाका हक्क पाहत नाही, कागद पाहतो. हक्क मिळूनही कागद मिळाला नाही, तर नाक्याच्या दृष्टीने हक्क नाहीच.

मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वन मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानावा असे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी त्यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढ्यात येऊन टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्काच्या नियमांत दुरुस्ती होऊन गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यावा, असे देशभरासाठी ठरले. त्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावलाही सुमारे १,००० हेक्टरवर हक्क मिळाला आणि तिथल्या ग्रामसभेनेही बांबूची तोड व विक्री स्वतः हाती घेतली. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९२७ च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द वगळला गेला. जंगलाबाहेरचा बांबू तेव्हापासून झाड राहिला नाही. एक शब्द खोडायला नव्वद वर्षे लागली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मेंढ्याने नाका मोडला नाही, नोंदवहीही फाडली नाही. टीपी राहिली, तिचे रकाने राहिले. बदलले ते एवढेच, की ती लिहिण्याचा अधिकार कोणाकडे.

नोंदवही कशासाठी?

नियम निकाल देतो, नोंद त्याचा हिशेब ठेवते. सागाच्या लठ्ठ्यावर हातोड्याने उमटवलेली खूण, टीपीवरचा मजकूर, नाक्यावरच्या रजिस्टरातील तारीख-वेळ आणि आगारातली आवक, या चार ठिकाणी एकाच लठ्ठ्याची माहिती असते. चारही जुळल्या तर ठीक. एक जुळली नाही, तर कुठेतरी गडबड आहे. एका नोंदीपेक्षा दोन नोंदींमधला फरक अधिक बोलका असतो.

संगणकाच्या इतिहासातले याचे प्रसिद्ध उदाहरण १९८६ चे आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकवापराच्या दोन हिशेबांत ७५ सेंटचा फरक सापडला. रुपया-आठ आण्यांची चूक म्हणून कुणीही सोडून दिली असती. त्याने माग काढला. आत शिरलेल्याची प्रत्येक कळ छापली जाईल अशी व्यवस्था केली. महिनोन् महिने चाललेल्या या पाठलागाचा शेवट पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरात, लष्करी माहिती चोरणाऱ्या एका माणसापाशी झाला.

फायरवॉलमधली नोंद हाही एक नियमच असतो. आपल्या यादीतला चौथा नियम पाहा. लिनक्सच्या फायरवॉलमध्ये नोंदीचा नियम जुळला, तरी वाचन थांबत नाही. पॅकेटची माहिती लिहून घेतली जाते आणि ते पुढच्या नियमाकडे जाते. म्हणून चौथा आणि पाचवा नियम यांची अदलाबदल केली, तर पॅकेटे अडतील, पण नोंद एकही होणार नाही. शिवाय आपल्या यादीत पहिल्या तीन नियमांनी निकाल दिलेल्या पॅकेटांची नोंद होतच नाही. ‘क्ष’ने किती वेळा दार वाजवले, हे आपल्याला कधीच कळणार नाही. उलट सगळ्याचीच नोंद ठेवली, तर वही इतकी फुगते की कामाची ओळ तिच्यात हरवते. म्हणून मिनिटाला इतक्याच नोंदी, अशी मर्यादा घालण्याचीही सोय असते.

नोंदीला घड्याळ लागते. दोन नाक्यांची घड्याळे वेगळी असतील, तर त्यांच्या वह्या जुळवता येत नाहीत. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत दोन्ही गोष्टी आहेत : संगणकांची घड्याळे प्रमाण वेळेशी जुळती ठेवा आणि नोंदी १८० दिवस जपा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राची राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली देशभरासाठी सुरू झाली. तिच्यात टीपी संगणकावर निघते आणि तिच्यावरचा क्यूआर कोड नाक्यावर तपासता येतो. जंगलाचा नाका आणि संगणकाचा नाका आता एकाच तारेवर आले आहेत. टीपीची माहिती घेऊन जाणारे पॅकेटही वाटेत कुठल्यातरी फायरवॉलच्या नियमांशी ताडून पाहिले जाते.

वर्गात करून पाहा

हा विषय शिकवायला संगणक लागत नाही. वीस चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर चार रकाने : कुठून, कुठे, वस्तू, परवाना आहे की नाही. फळ्यावर पाच नियम लिहा. एका विद्यार्थ्याला नाक्यावर बसवा, दुसऱ्याला नोंदवही द्या, बाकीच्यांनी एकेक चिठ्ठी घेऊन यावे. नाकेदाराने फळ्यावरचेच वाचायचे, स्वतःचे मत चालवायचे नाही. मग दोन नियमांची जागा बदला आणि त्याच चिठ्ठ्या पुन्हा फिरवा. किती निकाल बदलले, ते मोजा. तिसऱ्या फेरीत नियम तसेच ठेवून एका वस्तूची व्याख्या बदला.

शेवटी चिठ्ठी अडलेल्या विद्यार्थ्यांना विचारा, की चूक चिठ्ठीत होती, नाकेदाराची होती, क्रमाची होती, की व्याख्येची? आणि ती दुरुस्त करायची तर अर्ज कोणाकडे करायचा? पहिला प्रश्न विज्ञानाच्या तासाचा आहे. दुसरा नागरिकशास्त्राचा, आणि तो टाळून पहिला पुरा होत नाही, असे आम्हाला वाटते.